फॉर्मला दिलेली वर्दी

पेणला माझ्या नणंदेचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हटलं की बाहेरची माणसं धुरांडं शोधायला लागतात, म्हणून आधीच सांगते. घराची पुढची पडवी, मागचा मांडव आणि मधे माणसं राहतील तेवढी जागा, झाला कारखाना. पेणमध्ये असे गल्लोगल्ली. तिचा त्यातला लहानच. ट्रक भरून मुंबईला जाणाऱ्या मूर्ती तिथे होत नसत. घरगुती शाडूचे गणपती, आणि गिऱ्हाईक सासऱ्यांच्या वेळेपासून ठरलेलं.

आमच्याकडे रीत अशी की ज्येष्ठ-आषाढात चांगला दिवस बघून घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. पाटाखाली खडूने नाव लिहायचं. चतुर्थीला त्याच पाटावर बसलेला गणपती घरी आणायचा. पाट देताना फार बोलायचं नसतं. "नेहमीचा", एवढंच. पण प्रत्येक घरचा नेहमीचा वेगळा. कोणाचा वीतभर, कोणाचा हातभर. कोणाला पिवळाच पीतांबर लागतो, कोणाला डाळिंबी. सोंड तर जवळजवळ सगळ्यांची डावी. उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचं सोवळं-ओवळं सांभाळावं लागतं, म्हणून तो घेणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी.

हे सगळं दाजींच्या डोक्यात असायचं. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. आमचे हे त्यांना दाजी म्हणत म्हणून मीही म्हणायची. ते पडवीत बसायचे आणि गिऱ्हाईक पायरीवर चपला काढत असतानाच आत आवाज द्यायचे, "खाडीपलीकडचे आले, हातभर, डावी, पिवळा." याला ते वर्दी म्हणत. आतल्या कारागिराला वर्दी पोचली की पाट घेऊन आलेल्या माणसाला कोणी काही विचारायचं नाही. माणूस बसतो, चहा पितो, पावसाचं बोलतो आणि जातो. आपलं घर इथे ठाऊक आहे, एवढं समाधान त्याला पुरतं. मला वाटतं निम्मी गिऱ्हाइकं त्या वर्दीवरच टिकून होती.

एका हिवाळ्यात दाजींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक शब्द तेवढा शिल्लक राहिला, "व्हय". हो म्हणायचं तरी व्हय, नाही म्हणायचं तरी व्हय, चहात साखर नाही तरी व्हय. सूर मात्र वेगळा. वन्संना तो सूर आठवड्याभरात कळायला लागला, मला महिना लागला.

वन्संचे धाकटे दीर शेजारच्या आळीतच. त्यांचा कारखाना मोठा, तीन मांडवांचा. ते येऊन शांतपणे म्हणाले की आता वैनीने दादाला बघावं, साचे आणि गिऱ्हाइकं आपल्याकडे द्यावीत, घरखर्चाचं आपण बघू. माणूस वाईट नव्हता हो. भावासाठी त्याचाही जीव तुटत होता. पण वन्संनी त्या मांडवात तीस वर्षं माती मळलेली. डोळ्यांची आखणी तर तीच करायची, दाजी नव्हे. हे कोणाला सांगून खरं वाटायचं नाही, कारण पडवीत दाजी बसायचे आणि ती आत. तिने दिरांकडे एक हंगाम मागून घेतला. गिऱ्हाईक टिकलं तर कारखाना तिचा. तुटलं तर साचे त्यांच्या घरी पोचते करायचे.

आता यात मी कुठे आले ते सांगते. मी राहायला रोह्याला लागून असलेल्या वरशाला, आणि नोकरी रोह्याच्याच एका कंपनीत, टायपिस्टची. नव्वदनंतर आमच्या हापिसात टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले. शिकवायला मुंबईहून एक साहेब आला, तो दोन दिवसांत माघारी गेला. बाकीच्या बायका घाबरून पत्रापुरतंच शिकल्या. मला मात्र त्या पेटाऱ्याची गोडी लागली. अडलं की एफ-वन दाबायचं, इंग्रजी मदत उघडायची, शेजारी डिक्शनरी. असं करत करत मी डेटाबेसचा प्रोग्राम शिकले. पुढे कंपनीने जुने कॉम्प्युटर काढून टाकले त्यातला एक मी घेतला, आणि वन्संचं हे सगळं ऐकल्यावर एका रविवारी टेम्पोत गोधडीत गुंडाळून पेणला नेला. यांनी विचारलं, आता पेणच्या गणपतीला टायपिंग शिकवणार काय? मी म्हटलं, गणपतीला नाही, पण वर्दी द्यायला शिकवणार आहे कोणाला तरी.

हिवाळ्यातले रविवार माहिती भरण्यात गेले. सकाळी रोह्याहून निघायचं, संध्याकाळी परत. वन्सं एकेका घराचं नाव घेणार, दाजी खाटेवर उशीला टेकून डावा हात जमिनीपासून वर धरणार, तेवढी उंची. मग मी रंग म्हणत जायची, पिवळा, डाळिंबी, मोतिया, आणि योग्य ठिकाणी चढत्या सुरात "व्हय" यायचं. उजव्या सोंडेचं घर आलं की ते डोळे मिटून नमस्कार करत. त्या रविवारी दाजींना जरा हुशारी वाटायची असं वन्सं म्हणायची. माहिती नीट भरली गेली याची मला खात्री आहे, कारण चुकीचं लिहिलं की ते खाटेवर मूठ आपटत.

यादी झाली. मग मी ऑर्डरचा फॉर्म केला. यादीतल्या नावावर दोनदा टिचकी मारली की तो उघडायचा, पण कोरा. उंची किती, सोंड कुठली, रंग काय, सगळं पुन्हा विचारायचा. म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकाला पडवीत उभं करून तुम्ही कोण, कुठले असं विचारल्यासारखं. वन्संनी बघितलं आणि म्हणाली, "असं इचारलं तर लोक पाट उचलून जातील गो."

मला हवं होतं ते एवढंच. फॉर्म उघडायच्या आत त्याच्या कानावर गेलं पाहिजे की कोण आलंय आणि त्यांचं काय असतं. पंधरा दिवस मदतीची पानं वाचली. अखेर सापडलं. फॉर्म उघडायचा जो हुकूम असतो, त्यात स्वल्पविरामांची रांग असते आणि अगदी शेवटच्या स्वल्पविरामानंतर एक जागा राखलेली असते. तिथे तुम्ही जे लिहाल ते फॉर्मबरोबर आत जातं, आणि फॉर्म उघडताना ते वाचून घेतो. इंग्रजीत त्याला भलतंच नाव होतं. मी वाचलं आणि मोठ्याने म्हटलं, अहो ही तर वर्दी.

अडचणी पुष्कळ आल्या. एक स्वल्पविराम कमी पडला की वर्दी भलत्याच खोलीत जायची. शिवाय आत एकच चिठ्ठी जाते, तीन पाठवता येत नाहीत. म्हणून उंची, सोंड आणि रंग एकाच ओळीत जोडले, मधे उभ्या रेघा घातल्या, आणि फॉर्मला शिकवलं की रेघेवर तोडून घे. यादीला वळसा घालून कोणी फॉर्म थेट उघडला तर आत काहीच यायचं नाही आणि तो बिचकून बंद पडायचा. त्यालाही सांगून ठेवलं, वर्दी आली नाही तर निमूट कोरा राहा. घराचं नाव मात्र यादीतून सरळ यायचं, यादीत ज्या नावावर बोट असेल ते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सगळं मराठी फाँटमध्ये केलं. कडेला बटणं घातली: "चिठ्ठी छापा", "बंद करा". चिठ्ठी छापून पाटाखाली चिकटवायची आणि कारागिराने ती बघून काम करायचं. मी रविवारी पेणला बसून नाव उघड, छाप, बंद कर, दुसरं नाव उघड, असं कितीदा तरी करून बघितलं. कुठे चूक नाही.

ज्येष्ठात पाट यायला लागले. वन्सं पडवीत कॉम्प्युटरपुढे बसली. पहिल्या गिऱ्हाइकाने पाट ठेवला, तिने टिचकी मारली आणि वाचलं, "हातभर, डावी, पिवळा ना?" त्या म्हाताऱ्याने पेटीकडे बघितलं, मग खाटेवरच्या दाजींकडे बघितलं आणि म्हणाला, दाजी, तुमचा आवाज ह्या पेटीत घातलाय जणू. दाजी म्हणाले, "व्हय." वन्संनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज किती मोकळा झाला होता.

श्रावण लागला आणि खाडीकडच्या गावातली एक बाई आपला गणपती कुठवर आला ते बघायला आली. मिठागरात काम करणाऱ्यांचं घर, जुनं गिऱ्हाईक. मी त्या रविवारी तिथेच होते. बाई मांडवात गेली, आपला पाट ओळखला, मूर्तीसमोर बसली. बराच वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "यो आमचा नाय."

वन्सं म्हणाली, असं कसं, नाव बघ की तुमचंच आहे.

"नाव आमचाच. देव आमचा नाय. सोंड बग कनच्या अंगाला गेली. आमचे घरान पोराटोरांचा राबता, याचा सोवला कोन पालनार गो?"

रागावली नाही ती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मूर्तीला हात जोडले, जणू दुसऱ्याच्या घरच्या देवाला जोडावेत तसे, आणि गुरुवारी पुन्हा येते म्हणाली. एवढंच बोलून गेली. वन्सं तिथेच खाली बसली. मातीच्या गोळ्यावर बसली, तेही तिला कळलं नाही.

आम्ही मांडव फिरून पाहिला. त्या ओळीतल्या बऱ्याच मूर्तींची सोंड उजवीकडे. सगळ्या हातभर, एकसारख्या. कारागीर जुना, त्याला विचारलं, अरे तुला काही वाटलं नाही? तो म्हणाला, "वाटलं की. म्हटलं यंदा पेण तालुका सगळा सोवळ्यात गेला." चिठ्ठीवर जे होतं ते त्याने केलं होतं, आणि मालकीणबाईच्या पहिल्याच हंगामात तिला उलट विचारायचं कसं म्हणून तो गप्प राहिला होता.

चिठ्ठ्या काढल्या. नावं बरोबर, खालचा तपशील चूक, आणि सगळ्या चिठ्ठ्या एकाच दिवसाच्या. आषाढातला एक चांगला दिवस होता तो, त्या दिवशी पाटांची रीघ लागली होती, वाचून दाखवायला वन्संना सवड नव्हती, नुसत्या चिठ्ठ्या छापून चिकटवत गेली. पहिलं गिऱ्हाईक उजव्या सोंडेचं, आणि त्यांच्या मागून आलेल्या सगळ्यांना त्यांचाच तपशील. एरवी दिवसाला एखादा पाट यायचा, तेव्हा चूक नाही. मी वन्संना म्हटलं, त्या दिवशी वेगळं काय केलंत? ती आठवून म्हणाली, काही नाही, त्या दिवशी लाइट गेली नव्हती एवढंच.

मला हसावं की रडावं कळेना. पावसाळ्यात पेणची लाइट दिवसातून चारदा जायची. लाइट गेली की कॉम्प्युटर मरायचा, फॉर्म मरायचा, आणि नव्याने उघडताना नवी वर्दी बरोबर आत जायची. लाइट गेली नाही तेव्हाच चूक. म्हणजे फॉर्म उघडाच राहत होता. उघड्या फॉर्मवर पुन्हा टिचकी मारली तर तो नव्याने उघडत नाही, नुसता पुढे येऊन उभा राहतो. नवी वर्दी त्याच्या कानात शिरतच नाही. आधीच्या पाहुण्याची घेऊन बसलेला असतो, नाव तेवढं यादीतून नवं घेतो.

"वन्सं, चिठ्ठी छापल्यावर तुम्ही बंद करा हे बटण दाबत नव्हतात?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काही अभद्र बोलले. "कारखान्यात मातीची पूजा झाल्यावर तो शब्द कोण काढतं का? मी त्याला बारीक करून खाली पट्टीवर बसवायची. तूच दाखवलं होतंस."

तर असं. मातीची पूजा झाली की चतुर्थीला शेवटचा गणपती पायरी उतरेपर्यंत त्या घरात "बंद" म्हणायचं नाही. संध्याकाळी कारखाना वाढवतात. रेडिओ गप्प करतात. दिवा मालवतात, पण तो सगळेच मालवतात. नळसुद्धा तिथे आवळतात. हे मला लग्नानंतर इतकी वर्षं ठाऊक, आणि माझ्या बोटांना ठाऊक नाही, कारण माझी बोटं कंपनीत शिकलेली. मी विचारलं, मग रात्री कॉम्प्युटर कसा काय करता? ती म्हणाली, तिथे शट डाऊन लिहिलंय की, ते दाबते. इंग्रजीला काय होतंय. मी मराठीच्या प्रेमाने ते बटण मराठीत केलं नसतं तर गणपतींच्या सोंडा जागच्या जागी राहिल्या असत्या.

बटण मी तिथल्या तिथे बदललं. "वाढवा" असं लिहिलं. शिवाय चिठ्ठी छापली की फॉर्म आपला आपण मिटेल असंही करून टाकलं, म्हणजे शब्दाचा प्रश्नच नको. पण मूर्तींचं काय? शाडू म्हणजे श्रावणात वाळायला महिना घेतो. नव्याने करून, वाळवून, रंगवून चतुर्थी गाठणं कोणालाच जमलं नसतं. डाव्या सोंडेच्या, ज्या त्या घरच्या उंचीच्या, वाळलेल्या कच्च्या मूर्ती हव्या होत्या, आणि तेवढ्या एकगठ्ठा एकाच ठिकाणी होत्या. दिरांकडे.

कारागीर म्हणाला, बाजारात चार ठिकाणांहून गोळा करू, त्यांना कळायला नको. वन्सं दाजींपाशी जाऊन बसली. तिने त्यांना सगळं सांगितलं, माझ्या बटणासकट. दाजींच्या तोंडाची एक बाजू हसली. मग तिने विचारलं, भावोजींकडे जाऊ? ते "व्हय" म्हणाले. मला तो कुठला सूर ते ओळखता आलं नाही. वन्सं मात्र उठली, पदर नीट केला, आणि मला म्हणाली, चल.

दीर हिशेबाला बसले होते. आम्हाला बघून उठले, खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला. वन्संनी आडपडदा ठेवला नाही. सोंडांचं सांगितलं, किती घरांचं झालंय ते सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं, तो दिसला नाही. ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं वैनी. जाऊ दे. ती घरं माझ्या मांडवातून घेऊन जातील गणपती. तू त्रास नको घेऊस."

म्हणजे घरं गेली. आणि त्यांच्या मागून हळूहळू बाकीची जाणार. मी वन्संकडे बघितलं.

वन्सं म्हणाली, "घरं नाय देणार. मूर्ती द्या. उसन्या. पुढच्या माघात तेवढ्याच परत करीन."

उसनं म्हणजे कसं, वाटीभर साखर, चार निखारे, तसं. विकत नव्हे, मदत नव्हे. घेतलं तसं परत करायचं, आणि मधल्या काळात दोन्ही घरांत चूल असली पाहिजे. पुढच्या माघात परत करायचं म्हणजे पुढच्या माघात तिच्या मांडवात माती मळलेली असणार. दिरांना ते कळलं. चहा आला, तो निवत गेला. दोन्ही बाजूंनी कोणी कप उचलेना. मी उचलला, कारण कोणी तरी उचलायला हवा होता.

शेवटी ते म्हणाले, "माझ्या साच्याच्या हायत. तुझ्या साच्याच्या परत देशील त्या मला कशा चालतील?"

"साचा सासऱ्यांचा. दोघांकडं एकच हाय."

ते उठले आणि आपल्या माणसाला फळीवरच्या मूर्ती काढायला सांगितल्या. सुकी कुठली, ओली कुठली ते स्वतः टिचक्या मारून बघत होते, आणि ओलसर वाटली ती बाजूला ठेवून दुसरी देत होते.

मूर्ती हातगाडीवरून आल्या. वन्संनी त्या रंगवल्या, डोळे तर तिनेच आखले. उजव्या सोंडेच्या झाल्या त्यांचं काय केलं असं कोणी विचारेल. त्या तशाच ओल्यात मोडून पाण्यात घालता येत नाहीत, मनाला बरं वाटत नाही, म्हणून हंगामानंतर विधीने विसर्जन केलं. गुरुवारी खाडीकडची बाई आली. वन्संनी तिला नवी मूर्ती दाखवली आणि चूक कशी झाली ते सांगायला लागली. ती बाई म्हणाली, राहू दे, डोळे बघूनच कळलं, डोळे दरवर्षी असेच असतात. तिला कोणी सांगितलं नव्हतं डोळे कोण आखतं ते. वन्संनीही सांगितलं नाही, रंगाची वाटी उचलून आत निघून गेली. त्या दिवसाच्या पाटांतला एकच पाट परत गेला. बाकीची घरं राहिली.

चतुर्थी झाली, थंडी आली. दिरांनी साच्यांचा विषय काढला नाही, आणि वन्संनीही काढला नाही. माघात मी पेणला होते तेव्हा ती मूर्ती परत करायला निघाली, हातगाडीवर, गवताच्या गादीवर एकेक. दिरांनी गाडी अंगणात थांबवली आणि चष्मा लावून एकेक मूर्ती उन्हात फिरवून बघितली. एकीच्या मांडीशी केसासारखा तडा होता. ती त्यांनी उचलून पुन्हा वन्संच्या गाडीवर ठेवली.

"ही नको," ते म्हणाले. "दुसरी आण."

वन्संनी मान हलवली आणि दुसरी आणायला गेली.